मावशींच्या पाटीवरचा ‘न’

मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, मित्रांनो. शुद्धलेखन माझ्या वाट्याला कधी आले नाही, आणि त्यामुळेच तो सगळा घोटाळा झाला.

मूळची मी कपाटाचे दार. कपाटाला वाळवी लागली तेव्हा सुताराने माझी तेवढी सुटका केली, रंधा मारून गुळगुळीत केले आणि समुद्राकाठच्या एका लॉजच्या फाटकाजवळ दोन खांबांवर उभे केले. कुलपाचे भोक मात्र राहून गेले. लहान मुले त्याला डोळा लावून समुद्र बघतात. नुसता बघितलेला समुद्र त्यांना पुरत नाही.

लॉज म्हणजे सहा खोल्या, एक लांब व्हरांडा आणि मावशी. मावशी म्हणजे मालकीणबाई. पण पहिल्या दिवशी ‘मालकीणबाई’ म्हणणारा पाहुणा दुसऱ्या दिवशी ‘मावशी’ म्हणू लागे. माझा मजकूर त्यांनीच सुताराला सांगितला. ओले कपडे खोलीत वाळत घालू नये. अंगाची वाळू धुतल्याशिवाय आत येऊ नये. चपला वाळूत सोडू नये, भरती घेऊन जाते. आणि शेवटची ओळ, काळ्या खडकापलीकडे पोहू नये.

“पहिल्या तीन नाही ऐकल्या तर मी ओरडेन,” मावशी म्हणाल्या होत्या. “चौथी नाही ऐकली तर ओरडायचं कुणावर? नीट लिही हो.”

खडकापलीकडचे पाणी वरून तळ्यासारखे शांत दिसते. खालून मात्र पाय धरून ओढते. मावशींच्या जिवाला तेवढा एकच घोर होता.

सुरुवातीची वर्षे माझी फार मानाची गेली. एक आजोबा तर माझा मजकूर वहीत उतरवून घेत. नवी जोडपी माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढत. फोटोत मी नेहमी अर्धीच. मग खाऱ्या वाऱ्याने रंग खाल्ला आणि माझे दिवस फिरले. ओले कपडे खोलीत वाळत घालायचे नाहीत म्हणून लोक ते माझ्यावर वाळत घालू लागले. एका गृहस्थांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आठ दिवस माझ्या चौथ्या ओळीवर होती. ते दुःख मी कोणाला सांगणार?

शेवटी मावशींनी आपल्या धाकट्या दिरांना बोलावले. ते घरांच्या भिंती रंगवायचे. भिंतीशी त्यांची गट्टी. अक्षरांशी नुसती तोंडओळख.

“भाऊजी, अक्षरं मोठी काढा. चष्मा नसला तरी दिसली पाहिजेत.”

“वहिनी, चष्मा काय, डोळे मिटले तरी दिसतील!”

भाऊजींनी वरून भोपळ्याएवढी अक्षरे काढायला सुरुवात केली. चौथ्या ओळीपर्यंत येता येता पंचाईत झाली. ‘काळ्या खडकापलीकडे पोहू’ एवढ्यातच माझी कड आली. पुढे जेमतेम एका अक्षराची जागा. भाऊजींनी मान तिरकी केली, एक डोळा मिटला, आणि त्या जागेत ‘न’ बसवला. मग खालच्या ओळीत, अगदी मधोमध, झोकात ‘ये’.

मी ओरडले असते; पण लाकडाला तोंड नसते, आणि कुलपाच्या भोकातून वाऱ्याशिवाय काही निघत नाही. वीस वर्षे ‘पोहू नये’ सांगणारी मी आता सांगत होते, ‘काळ्या खडकापलीकडे पोहून ये’.

मावशी बघून गेल्या. मजकूर त्यांना तोंडपाठ. त्यांनी रंग तेवढा पाहिला आणि म्हणाल्या, “छान! आता दिसलं नाही म्हणायची कुणाची टाप आहे?”

तिसऱ्या दिवशी एक निवृत्त मास्तर आणि मास्तरीणबाई उतरले. मास्तरांनी जन्मभर व्याकरण शिकवलेले. हात मागे बांधून त्यांनी मला मोठ्याने वाचले.

“बघितलीस ही भाषा? ‘पोहून ये’! माझ्या वयाच्या माणसाला! ‘या’ म्हणायला काय झालं होतं?”

“अहो, घरच्यासारखं म्हणत असतील.”

“बरं, तीन ओळी ‘नये’, ‘नये’, ‘नये’. करा म्हणून एकच गोष्ट सांगितलीय. ती तरी करायला हवी.”

“करा. पण चपला माझ्याजवळ द्या.”

मास्तर पोहायला पटाईत होते. त्यांची निळी टोपी लाटांवरून खडकापर्यंत गेली, खडकाच्या पलीकडे गेली, आणि मग पुढे जायचे सोडून आडवीच सरकू लागली.

“अहो, पुरे आता! चहा गार होईल!” बाई किनाऱ्यावरून हात हलवत होत्या. मग त्यांचा हात हवेतच थांबला. “मावशी! अहो मावशी, धावा!”

मावशी धावल्या. जाळे विणत बसलेल्या नावाड्याने होडी पाण्यात लोटली. खडकाच्या टोकाला खेकड्यासारखे चिकटलेले मास्तर त्याने सोडवून आणले. टोपी गेली, माणूस मिळाला.

माझ्यासमोरच भांडण जुंपले. मास्तर टॉवेल गुंडाळून कुडकुडत होते.

“एवढी मोठी पाटी दिसली नाही तुम्हाला?” मावशींचा आवाज चढला.

“दिसली म्हणूनच गेलो!”

“नको म्हटलेलं मुद्दाम करायचं वय आहे का हे?”

“नको कुठे म्हटलंय? वाचा! मोठ्यानं वाचा!”

मावशींनी सवयीने सुरुवात केली, “काळ्या खडकापलीकडे पोहू...” आणि अडखळल्या. मग बोट ठेवून वाचू लागल्या. बोट ‘न’वर आले आणि तिथेच राहिले. 

“म्हणजे मीच पाठवलं तुम्हाला,” त्या हळूच म्हणाल्या.

फाटक रंगवत असलेले भाऊजी ब्रशासकट पुढे झाले. “वहिनी, ‘न’ मावत होता, ‘ये’ मावत नव्हता. जागा कशाला वाया घालवायची?”

“आधी कुऱ्हाड आणा. ही पाटी चुलीत जाऊ दे.”

माझ्या फळ्या थरथरल्या. पण मास्तरांनी हात वर केला. “पाटीनं काय केलंय? काना-मात्रा सगळं बरोबर आहे. एक ‘न’ तेवढा चुकून शेजाऱ्यांकडे राहायला गेलाय. ब्रश द्या इकडे.”

आणि टॉवेल सावरत त्या भल्या माणसाने ‘न’ खरवडून काढला आणि खाली ‘ये’च्या शेजारी आणून बसवला. “भाऊजी, दोन शब्दांमधली जागा वाया जात नसते,” ते म्हणाले. “ती सोडायचीच असते.”

भाऊजींना ते पटले. पण ‘पोहू’च्या पुढची रिकामी जागा काही बघवेना. दुसऱ्या दिवशी कोणाला न विचारता त्यांनी तिथे एक गुबगुबीत मासा काढला.

तेव्हापासून माझी चौथी ओळ ‘पोहू’, मग मासा, मग ‘नये’ अशी आहे. येणारे प्रत्येक पोर थबकते आणि विचारते, “मावशी, माशानं का पोहू नये?” मग मावशी हातातले काम टाकून फाटकाशी येतात. आता त्यांना काठी लागते, तरी येतात, आणि खडकापलीकडचे पाणी कसे आहे ते त्या सगळ्या कुटुंबाला उभे करून सांगतात. त्यानंतर तिकडे कोणी गेलेले नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, समुद्रावर आलात की पाट्या शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा, आणि वाचून चमत्कारिक वाटले तर पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. माझा रंग पुन्हा उडू लागला आहे. कोणी रंगवायला आलेच तर अक्षरे खुशाल लहान काढा, पण मासा तेवढा राहू द्या.