नऊ गाठींचा निळा दोरा

शेळ्यांची लव विंचरण्याचे दिवस होते, म्हणजे गोचिडींचेही. तरी त्या सकाळी फण्या टाकून नदीच्या दोन्ही काठांची माणसं झाइरान दाम्बाच्या डफासमोर जमली होती. झाइरान म्हणजे तिकडचा बुवाच.

"गेल्या वसंतात गोचीड चावलेले उभे राहा," त्यानं फर्मावलं. अलीकडच्या काठची तीसेक माणसं उठली. प्रत्येकाच्या मनगटावर नऊ गाठींचा निळा दोरा होता.

"ताप कुणाला आला?"

कुणालाच नाही. भराभर माना लवल्या. आभाळ, डोंगर आणि दाम्बाचे तेरा पूर्वज म्हणे त्या गाठींत दाटीवाटीनं बसले होते आणि विषाला रक्तात शिरू देत नव्हते. दर दोऱ्याला एक मेंढी द्यावी लागे. पूर्वजांनाही मटण आवडत असावं.

दुलमाची मान मात्र लवेना. तिच्या नवऱ्याच्या, गोंगोरच्या मनगटावरही तोच दोरा होता आणि तो चार दिवस तापानं फणफणत गेरमध्ये, त्यांच्या नमद्याच्या गोल तंबूत, पडला होता. कानामागे गोचीड चावल्याची काळी खपली, अंगभर लाल पुरळ. कालपासून तो बायकोला आई म्हणून हाक मारत होता. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई त्सेंदसुरेन यांनी गोळ्या दिल्या होत्या, पण त्या दुलमाच्या झग्याच्या घडीत तशाच पडून होत्या. गोळी तोंडात गेली की गाठी सुटतील आणि विष पोरांवर उतरेल, असं दाम्बानं बजावलं होतं. तिला दोन पोरं होती. इकडे आड, तिकडे विहीर.

"मग गोंगोरला कसा आला ताप?" तिनं विचारलं.

"शंका ठेवून बांधून घेतला असेल दोरा. आजपासून नऊ दिवस थांब. गाठी काम करताहेत."

मागे उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई पुढे आल्या. पानगळीत त्यांनी दोन्ही काठांच्या, गोचीड चावलेल्या तीस-तीस जणांचं रक्त तपासायला पाठवलं होतं. त्याचे कागद आज हातात होते. गोचिडीतला जंतू अंगात शिरला की शरीर त्याच्याशी झुंजतं, त्यांनी सांगितलं, आणि झुंज संपल्यावरही तिची खूण रक्तात राहते. तिलाच प्रतिपिंडं म्हणतात. दोरेवाल्या तीस जणांपैकी बारा जणांत ती सापडली. म्हणजे गाठींनी जंतूला अडवलं नव्हतंच. जंतू येऊन गेला होता आणि त्यांना पत्ताही लागला नव्हता.

पलीकडच्या तीस जणांत अकरा जणांच्या रक्तात तीच खूण होती. गेल्या वसंतात नदीवरचा बर्फ फुटल्यानं त्यांना अलीकडे येताच आलं नव्हतं. दोरा एकालाही नव्हता. ताप? तोही एकालाही नव्हता.

"माझ्या डफाचा नाद पाण्यावरून पलीकडे जातो," दाम्बा घाईघाईनं म्हणाला.

"मग आज आम्हाला मेंढ्या घेऊन कशाला बोलावलंस, लेका?" पलीकडच्या पाग्माआजीनं विचारलं. लोक हसले. दुलमाला हसू आलं नाही.

"बाई, माझ्या माणसाचं काय?"

"बहुतेकांना काही होत नाही, दुलमा. त्या बहुतेकांच्या जिवावर याचं दुकान चालतं. थोड्यांना ताप चढतो, त्यांचा जीवही घेतो. त्याला औषध आहे, पण ताप नऊ दिवस थांबणार नाही."

"आणि पोरं?"

"दोऱ्यातून विष पोरांवर उतरत नसतं. ताप गोचिडीतून येतो. रोज पोरांची अंगं तपास, आणि गोचीड नखानं चिरडत जाऊ नकोस."

दुलमानं घोडा पिटाळला. गेरमध्ये शिरताच तिनं आधी कात्रीनं दोरा कापला. गोळी गिळवायला गोंगोरचा जबडा दोन्ही हातांनी उघडावा लागला. तिसऱ्या दिवशी त्याला घाम फुटला आणि त्यानं तिला तिच्या नावानं हाक मारली. दुलमा तेव्हा मनसोक्त रडली.

नवव्या दिवशी शेजारी आले. खारट चहा पीत म्हणाले, बघ, झाइराननं नऊ दिवस सांगितले होते. गाठींनी काम केलं!

"दोरा मी पहिल्या गोळीआधीच कापलाय," दुलमा म्हणाली. टेकडीपलीकडच्या खोऱ्यातून दाम्बाचा डफ ऐकू येत होता.

बाबांनो, तो डफ सगळीकडे वाजतो. कुणी तीस धडधाकट माणसं समोर उभी केली, तर एवढंच विचारा की दोरा नसलेल्यांचं काय झालं. आणि घरात कुणी तापलेलं असेल, तर उत्तराचीही वाट बघू नका. आधी डॉक्टर गाठा.