वाकणारी रेघ

टेबलाखाली गुडघ्यांवर बसून त्याने मॉनिटरची जुनी केबल उपसली आणि तिच्या टोकाचा जोडणीचा तुकडा ताईच्या हातात ठेवला.

"हा बघ तुझा गुन्हेगार."

"एवढासा?" ताई म्हणाली. "आणि मी उगाच तुझ्या लिनक्सच्या नावाने बोटं मोडत होते."

लिनक्स खरोखरच त्याचं होतं. ताईच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी ते त्यानेच हौसेने बसवून दिलं होतं, त्यामुळे तक्रारीही त्याच्याच वाट्याला येत. ताई घरी बसून एका आर्किटेक्टच्या ऑफिससाठी नकाशे काढायची. सहा महिन्यांपूर्वी तिने फोन केला होता. मोठ्या मॉनिटरवर सगळं धूसर दिसतं, गोल खांब अंड्यासारखे होतात, मधली रेघ वाकते. डोळे दाखवून येऊ का? तो हसला होता. डोळ्यांचा डॉक्टर काय रिझोल्यूशन लावून देणार आहे, रविवारी मीच येतो, म्हणाला होता. तो रविवार काही उजाडला नाही. मध्यंतरी ताईच्या एका नकाशात जिन्याची भिंत सरकली, ऑफिसने तिचं काम निम्म्यावर आणलं, तेव्हा कुठे भाऊरायांना जाग आली.

नवी केबल लावून तो खुर्चीत बसला आणि त्याने आज्ञा टाइप करायची टर्मिनलची खिडकी उघडली. जुन्या तुकड्यामुळे मॉनिटर लॅपटॉपला आपली खरी ओळखच देत नव्हता; बिचारं यंत्र १०२४ बाय ७६८ चं चित्र ताणून रुंद पडद्यावर बसवत होतं. आता रिझोल्यूशनच्या यादीत २५६० बाय १४४० आलं. त्याने ते निवडलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि ताईचा नकाशा लख्ख उमटला. खांब गोल, अक्षरं कोरीव. तो स्वतःवर भलताच खूश झाला.

"फिटलं की नाही डोळ्यांचं पारणं?"

"फिटलं रे छोट्या."

पण ती पडद्याकडे सरळ बघत नव्हती. मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती.

"अशी तिरकी काय बघतेस?"

"असं बघितलं की मधली भिंत सरळ दिसते."

त्याने माउस सोडला. मग त्याने शेजारच्या गठ्ठ्यातून एक छापलेला नकाशा ओढला आणि तिच्यापुढे धरला.

"आणि ही भिंत?"

"तीही वाकते."

"कागदावर? कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तुला फोन केला होता ना."

"मग कागदावरही वाकते, हे सांगायचं नाही?"

"मॉनिटरने डोळे थकतात, मग सगळीकडेच तसं दिसतं, असं तूच तेव्हा म्हणाला होतास," ती सहज म्हणाली. "तशी डाव्या डोळ्याची काही तक्रार नाही. उजव्याला मधोमध आता डागच दिसतो. म्हणून बारीक कामाला मी उजवा मिटून डाव्यानेच भागवते."

ताणलेल्या चित्रात वर्तुळाचं अंडं होतं, उभी रेघ वाकत नाही; ती वाकत होती ताईच्या डोळ्यातच. हे कोणी त्याला शिकवायला नको होतं. संगणकांच्या कामातच त्याची वीस वर्षं गेली होती. फोनवर ऐकल्या ऐकल्या सुचायला हवं होतं. त्याने फक्त आपल्या ओळखीचा बिघाड तेवढा ऐकला आणि उरलेला सोडून दिला. त्याला स्वतःची शरम वाटली. तिच्याकडे बघवेना, म्हणून तो नकाशाची घडी घालत बसला. घडी काही नीट बसेना.

"ऊठ ताई. आपण आत्ता डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ."

"आता कशाला?" ताई म्हणाली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू दुरुस्त केलंस ना. आता येईल हळूहळू ताळ्यावर."

त्याने उठून दाराबाहेरच्या तिच्या चपला आत आणल्या आणि खाली वाकून तिच्या पायांशी ठेवल्या.