दिलेले तेवढेच खरे

विधान आणि निष्कर्ष यांच्या मध्ये पाऊलभर रिकामी जागा असते, आणि प्रश्न काढणारा ती मुद्दाम झाकून ठेवतो. सदाशिवराव सरांनी हे पहिल्याच तासाला सांगितले, तेव्हा मला फार दिवसांनी कुणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोलल्यासारखे वाटले. चार माणसांत माझा आवाज घशातच विरतो. पण कागदावरच्या त्या रिकाम्या जागेशी माझे लगेच जमले.

पुसदला सरांच्या पडवीत आमचा वर्ग भरे. ते दोन हजार सतराचे साल होते आणि पुढच्या उन्हाळ्यात विधी महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा होती. सर थकले होते, म्हणून तर्काचा तास त्यांनी माझ्याकडे सोपवला. प्रश्नपुस्तक हातात असले की मला बोलता येई, पण सांगण्यासारखे माझ्याजवळ थोडेच होते. आधी निष्कर्ष शोधा. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ हे शब्द त्याच्याकडे नेतात. मग तो कशावर उभा आहे ते पाहा. मधले न बोललेले गृहीतक पकडा आणि ते उलटे करा. उलटे केल्यावर युक्तिवाद कोसळला, तर तेच गृहीतक. उभा राहिला, तर त्या पर्यायावर काट मारा. आणि या सगळ्यावर एक नियम: दिलेले तेवढेच खरे मानायचे, बाहेरचे काही आत आणायचे नाही.

हा नियम संगीताला पटत नसे. ती भावसिंग राठोडांची मुलगी. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरून सकाळच्या बसने येई. तिची फी सरांनी माफ केली होती आणि तास संपल्यावर मी तिला पायरीवर बसून आणखी अर्धा तास शिकवीत असे.

“गावात बस सुरू झाली, म्हणून गावातल्या मुली आता कॉलेजात जातील,” मी एकदा प्रश्न वाचला. “यात काय गृहीत धरले आहे?”

“कंडक्टर तांड्यापाशी बस थांबवते, हे,” संगीता म्हणाली. वर्ग हसला.

“ते बाहेरचे झाले.”

“मंग बस कुठून आली, दादा? तीबी बाहेरूनच आली ना.”

मीही हसलो होतो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

शहराजवळ आमचे थोडे शेत होते. बाबा, कमलाकरराव, कचेरीत नोकरीला; शेताकडे रविवारी जाणारे. फवारणी आमच्याकडे मजुरीला येणारे भावसिंगकाकाच करीत. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडअळी हटत नव्हती. एका शनिवारी बाबांनी मला दुकानातून औषध आणि मास्क-चष्म्याचे किट आणून शेतावर द्यायला सांगितले. दुकानदाराने बाटल्या दिल्या आणि किट सोमवारी येईल म्हणाला. बाजूच्या दुकानात विचारावे, असे मनात आले. पण तिथे गर्दी होती, आणि गर्दीत तोंड उघडणे मला जमत नाही. मी बाटल्या घेऊन शेतावर गेलो.

“किट काहून नाई, मंदारभाऊ?” भावसिंगकाकांनी विचारले.

“येईल,” मी म्हणालो.

‘थांबा’ हा शब्द मी उच्चारला नाही. बाबांना फवारणी त्याच दिवशी हवी होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. त्यांनी तोंडाला दुपट्टा बांधला, पंप पाठीवर घेतला आणि ते उंच पऱ्हाटीत शिरले. औषध वरून त्यांच्याच चेहऱ्यावर उतरत होते. ते पाहायला मी थांबलो नाही.

नऊ दिवस ते यवतमाळला दवाखान्यात होते. जीव वाचला, पण नजर धूसर झाली. मग कृषी सहायक सरकारी मदतीसाठी जबाब घ्यायला आमच्या घरी आले. बाबा म्हणाले, “मंदार लिहील. वकील व्हायचं आहे त्याला, सवय होऊ द्या.” खुर्ची पुढे केली तरी भावसिंगकाका उंबऱ्याजवळ खालीच बसले.

“मंदारभाऊनं औषध आणून देल्लं,” ते सावकाश सांगू लागले. “किट काहून नाई म्हणून मी इचारलं. येईल म्हणले. तरी मी मारलं औषध. मीच थांबाले पाह्यजे होतं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी लिहिले: ‘मी सुरक्षा साहित्य न वापरता फवारणी केली. त्यामुळे मला विषबाधा झाली. मी थांबायला हवे होते.’ तिन्ही वाक्ये खरी होती. खोटे एकही नव्हते, असे मी नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितले. मी जबाब मोठ्याने वाचला. भावसिंगकाकांनी धूसर डोळे माझ्या आवाजाच्या दिशेने वळवले, थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बराबर.” एरवी सही करणाऱ्या त्या माणसाने त्या दिवशी अंगठा उठवला.

पंधरवड्याने मदतीचे प्रकरण परत आले. शेरा होता: मजुराची स्वतःची हयगय. कृषी सहायक बाबांना म्हणाले, मालकाकडून काही लेखी आले तर पुन्हा पाठवता येईल. बाबा म्हणाले, “बघू.” मी आतल्या खोलीत पुस्तक उघडे ठेवून ते ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात संगीता उठली, फळ्याजवळ गेली आणि तिने लिहिले: ‘भ याने मास्क न लावता फवारणी केली. म्हणून दोष भ याचा.’

“गृहीतक सांगा,” ती वर्गाला म्हणाली.

“भ जवळ मास्क होता,” पहिल्या रांगेतल्या आभाने उत्तर दिले.

“उलटं करा.”

“मास्क नव्हता. मग निष्कर्ष पडतो.”

संगीता माझ्याकडे वळली. “बराबर हाय काय, दादा?”

जबाबाची नक्कल तिच्या वहीत घडी करून ठेवलेली मला दिसत होती. मी म्हणालो, “मास्क होता की नव्हता, हे विधानात दिलेले नाही. बाहेरचे आत आणू नका.”

तिने खडू खाली ठेवला. “विधान कोनं लिवलं, हे इचाराचं नसते काय?”

ती जागेवर जाऊन बसली. पुढचा प्रश्न मी वाचला, पण तो काय होता ते मला आठवत नाही.

त्या दुपारी मी दोन पाने लिहिली. त्यांतली निम्मी माझ्या स्वभावाविषयी होती. सकाळी ती घेऊन तांड्यावर गेलो. तांड्याचे प्रमुख, नायक शंकरसिंग, लिंबाखाली बसले होते, भोवती सात-आठ माणसे. भावसिंगकाका, संगीताची आई रुपीबाई आणि संगीताही होती. मी कागद पुढे केला. नायकांनी तो हातात घेतला नाही.

“कागद मंग,” ते म्हणाले. “आमच्याकडं आधी बोलतेत. सगळ्यायसमोर, उभं राहून. बोललेलं मानसं आयकतेत, मंग ते कोनाले पुसता येत नाही.”

मी उभा राहिलो. जे काम आयुष्यभर टाळले, नेमके तेच आले.

“किट दुकानात नव्हते,” मी म्हणालो. “दुसऱ्या दुकानात मी विचारले नाही. लाज वाटली.”

“कोनाची?”

“गर्दीची.”

एक म्हातारा हसला आणि मग खाली पाहू लागला.

“काकांनी किटचे विचारले. मी ‘येईल’ म्हणालो, ‘थांबा’ म्हणालो नाही. त्यांनी जबाबात हे सांगितले होते. ते वाक्य मी गाळले.”

संगीताने वही उघडली होती. ती लिहीत होती.

“मले मालूम होतं,” भावसिंगकाका म्हणाले. “वाचलं तवाच समजलं.”

संगीताचा पेन थांबला. “मंग अंगठा काहून देल्ला, बा?”

“तुले शिकवते ना तो. म्हनलं, नाई म्हनलो तर तास बंद होईल पोरीचा.”

रुपीबाईंनी पदर तोंडाला लावला. इतके महिने मी इतरांची न बोललेली गृहीतके शोधून दाखवीत होतो, आणि माझ्या पायरीवरच्या त्या अर्ध्या तासाची किंमत कुणी आपल्या अंगठ्याने चुकवली होती, हे मला उंबऱ्याजवळ बसलेल्या माणसाच्या गप्प राहण्यात दिसले नव्हते.

“मला फार वाईट—” मी सुरुवात केली.

“हे लिवाचं नाई ना?” संगीताने मान वर न करता विचारले. “हे प्रकरणात लागत नाही.”

“नको.”

तिने लिहिलेले मोठ्याने वाचले. पाच वाक्ये होती. माझी दोन पाने घडी करून मी खिशात ठेवली आणि तिच्या अक्षराखाली, उभ्याउभ्याच, सही केली. मग वेगळ्या कागदावर दुसरी प्रत झाली. ती तिने माझ्याकडून लिहून घेतली, स्वतः नाही लिहिली.

मूळ कागद मी तसाच कृषी सहायकांकडे नेला. त्यांनी तो प्रकरणाला जोडला आणि पोच दिली. घरी बाबा दारातच उभे होते. दुसरी प्रत मी त्यांच्या हातात दिली. चष्मा आणायला ते आत गेले नाहीत; कागद लांब धरून त्यांनी वाचला, पुन्हा वरपासून वाचला.

“मला विचारायचं तरी होतंस,” ते म्हणाले.

मी पोचही त्यांच्या हातात ठेवली. दुसऱ्या सकाळी तासाला संगीता आली आणि दुसऱ्या रांगेत बसली. तास संपल्यावर मी पायरीवर जाऊन बसलो. ती माझ्या समोरून बसकडे निघून गेली.