पालथी अंडी

शुक्रवारचं अंडं बंद झालं ते एका कागदानं. वर कुणीतरी खर्चाला कात्री लावली आणि खाली उमेळ्याजवळच्या शाळेत चाळीस पोरांच्या ताटातलं अंडं गेलं. कागदात वरून शहाणपणही शिकवलं होतं, अंडी हवीच असतील तर लोकसहभागातून मिळवा. लोकसहभाग म्हणे! सहभागी होणाऱ्यांची पोरं केव्हाच एव्हरशाईन कॉलनीकडच्या इंग्रजी शाळांत गेली होती. उरली ती बागायती वाड्यांत राबणाऱ्यांची आणि बांधकामावरच्या मजुरांची.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या व्हेरोनिकाचं डोकंच फिरलं. "पोरांच्या तोंडचं काढून घेतात, मेले!" म्हणत ती दारोदार हिंडली. घरच्या कोंबड्यांची धरून कशीबशी वीस अंडी जमायची. ती उकडून दोऱ्यानं अर्धी करायची.

हेडबाई सुरुचीबाईंनी अर्ज केला, अंडी पुरत नाहीत, अनुदान परत द्या. महिन्यानं खरंच एक साहेब पाहणीला आले. बाईंनी आधीच बजावलं होतं, "मावशी, दर शुक्रवारी वाढता तसंच वाढा. दिसू दे त्यांना."

व्हेरोनिकानं मान डोलावली होती. पण साहेबांनी दारात बूट काढून हात जोडले आणि तिचं जन्माचं वळण आडवं आलं. आल्यागेल्यासमोर तिच्या आईनं कधी उणं ताट मांडलं नव्हतं. परक्या माणसाला आपल्या पोरांची गरिबी काय दाखवायची? लाज वाटली तिला. तिनं अंड्याची प्रत्येक फोड खिचडीवर पालथी ठेवली, पिवळं खाली, पांढरं वर. दिसायला अख्खं. साहेबांनी कौतुकानं फोटो काढले.

सुरुचीबाई ऑफिसातून हजेरीपट घेऊन येईस्तोवर पोरांनी ताटं चाटूनपुसून साफ केली होती.

"साहेब, एकेकाला अर्धंच मिळतं हो," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मोबाईल पुढे केला. "बाई, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"खरंच अर्धीच होती, साहेब. मीच पालथी घातली," व्हेरोनिका कळवळून म्हणाली.

साहेब हसले. "मावशी, बाईंना घाबरून खोटं नका बोलू."

पंधरा दिवसांत पत्र आलं. प्रत्येक विद्यार्थ्यास पूर्ण अंडे मिळते, अनुदानाची आवश्यकता नाही. तो फोटो तालुक्यातल्या सगळ्या शाळांना नमुना म्हणून धाडला होता. सुरुचीबाई व्हेरोनिकाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या शुक्रवारी तिनं फोडी नेहमीसारख्या उताण्या वाढल्या.

"मावशी, साहेब आले तेव्हा पिवळं खाली होतं, आज वर का?" चौथीतल्या आर्यानं विचारलं.

"खा गपचूप," व्हेरोनिका म्हणाली आणि शेगडीकडे तोंड करून रडली.