गेणभाऊंच्या घरच्या सुया

कळंबच्या अलीकडच्या एका गावात हर्षाली आणि तिची सासू ठमाबाई घंटागाडीवर कामाला होत्या. मागच्या वर्षी ओला कचरा निवडताना ठमाबाईच्या उजव्या हाताच्या बोटात इन्शुलिनची सुई घुसली. तिनं हळद दाबली आणि काम उरकलं. बोट सुजलं, पिकलं, काळं पडलं. शेवटी दवाखान्यात ते कापावं लागलं. पुढं तिला भाकरी थापता येईना. मळलेलं पीठ परातीत तसंच टाकून ती उठून जायची.

सुई कुणाच्या घरची, हे हर्षालीला ठाऊक होतं. त्याच पिशवीत गेणभाऊंच्या बायकोच्या नावाची औषधाची चिठ्ठी होती. गेणभाऊ गावातले मोठे बागायतदार. हर्षाली त्यांच्या दारात गेली. सासूच्या बोटाचं सांगितलं. सुई वापरली की लगेच जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, बाटली भरत आली की झाकण घट्ट लावून वेगळी द्या, मी दवाखान्यात पोचवते, एवढंच तिचं मागणं. गेणभाऊ पेपर वाचत होते. कचऱ्याचे एवढे लाड आमच्याच्यानं व्हायचे न्हाईत, म्हणाले, आणि पान उलटलं.

पुढच्याच आठवड्यात मेथीच्या देठांत पुन्हा उघड्या सुया निघाल्या. त्या दिवसापासून हर्षाली एकेक सुई चिमट्यानं उचलून तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये साठवू लागली. असे चार महिने गेले.

गेणभाऊंच्या मुलीच्या, तेजस्विनीच्या साखरपुड्याला जुन्नरहून पावणे आले, त्या सकाळी हर्षाली कॅन घेऊन त्यांच्या ओट्यावर चढली. पेपर पसरून तिनं सगळ्या सुया त्यावर ओतल्या.

"भाऊ, तुमच्या घरच्या हायेत. भरा परत."

गेणभाऊंनी झाडू मागवला. हर्षालीनं झाडूवर पाय ठेवला.

"झाडूनं न्हाई. आमी हातानं उचलतो."

पावणे बघत होते. तिला हाकलावं, तर त्यांना सुयांचं सांगायचं काय? गेणभाऊ खाली बसले. एक उचलली, दुसरी उचलली. पाचव्या सुईला अंगठ्यातून रक्त आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हर्षालीच्या पोटातली आग त्या थेंबानं निवली. तिला दया आली नाही.

"वाहत्या पाण्यात साबणानं धुवा, आन् आजच डॉक्टर गाठा," ती म्हणाली. "आमाला हे सांगायला कुणी नव्हतं."

उरलेल्या सुया तिनं चिमट्यानं भरल्या आणि कॅन दवाखान्यात देऊन ती घरी आली. ठमाबाईनं सगळं बारकाईनं विचारून घेतलं.

"पाचच?" ती म्हणाली. "अजून उचलायला लावायच्या व्हत्या."

पंधरा दिवसांत हर्षालीचं घंटागाडीवरचं काम गेलं. ते जाणार हे ती धरूनच होती. आता ती कांद्याच्या वखारीत निवडायला जाते. गेणभाऊंचा अंगठा बरा झाला. सुयांची बाटली ते स्वतः दवाखान्यात नेऊन देतात. वाटेत हर्षाली दिसली की मान वळवतात, आणि ते पार दिसेनासे होईपर्यंत ती मुद्दाम तिथंच उभी राहते.