शंभरातली सात

"ती तार उपटलीस तर धूर निघेल बघ," नवरा खुर्चीत बसून म्हणाला. मी टेबलाखाली होते आणि तोंडात छोटी टॉर्च धरलेली होती, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. त्याचं नशीब.

समोर सासूबाईंचा कॉम्प्युटर पालथा पडला होता. कॉम्प्युटर कसला, रबरी बटणांचा एक काळा कीबोर्ड. सगळं मशीन त्याच्याच पोटात आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही. चाळीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी तो मुलाच्या अभ्यासासाठी आणला होता. मुलाने किती अभ्यास केला ते तो आता खुर्चीतून सल्ले देतो त्यावरून दिसतंच. सासूबाईंनी मात्र त्यातला एक खेळ उचलला आणि तो सासरे गेल्यावरही सोडला नाही. वरून फळं पडतात, खाली टोपली असते, ती दोन बटणांनी डावीउजवीकडे सरकवायची. एका डावात शंभर फळं. खेळ टेपरेकॉर्डरमधल्या कॅसेटवरून चढायला चार मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ कॅसेट किंचाळत असते. त्या चार मिनिटांत सासूबाईंचा चहा पिऊन होतो, मग एक डाव. दुसरा नाही. किती फळं झेलली तो आकडा कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचा. पंच्याण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव. वर्षानुवर्षं हेच.

सासूबाई तापाने आठवडाभर दवाखान्यात होत्या, त्याच आठवड्यात आमचा जुना डबा टीव्ही गेला. नवऱ्याने तो मला न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकला आणि भिंतीवर सपाट पडद्याचा नवा टांगला. त्याला कॉम्प्युटरची जुनी अँटेनाची तार लावली तर नुसतं निळं आभाळ, आणि वर 'सिग्नल नाही'. सासूबाई दुसऱ्या दिवशी घरी यायच्या होत्या. आल्या आल्या त्या काय शोधणार ते मला माहीत होतं.

कोपऱ्यावर एक दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या म्हाताऱ्या मालकांना सगळे सोल्डरकाका म्हणतात. त्यांनी मला काडेपेटीएवढा एक डबा दिला होता. जुन्या मशीनचं चित्र घ्यायचं आणि नव्या टीव्हीला समजेल असं करून द्यायचं, हे त्याचं काम. कॉम्प्युटरच्या पोटातली एक तार सोडवून दुसरी डकवायची, तीही त्यांनीच कागदावर काढून दिली होती. मी औषधांच्या दुकानात बिलं करते. तारेला डाग द्यायची सोल्डरगन आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलेली. दोनदा बोट भाजलं, एकदा टेबल. मग बटण दाबलं, आणि भिंतीवर ती जुनी पांढरी पाटी उमटली, कोपऱ्यात बारीक अक्षरं, अगदी कोरल्यासारखी. उठताना टेबलाला डोकं आपटलं तरी मी हसतच होते.

"धूर नाही आला," नवरा म्हणाला. जरा हिरमुसलाच.

सासूबाईंनी पडदा पाहिला, कौतुक केलं, फळांवरची रेघसुद्धा दिसते म्हणाल्या. डाव खेळल्या. एकसष्ट.

अशक्तपणा, असं सगळेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न. मग साठ. पंधरा दिवस झाले, जेवण पूर्ववत झालं, चेहऱ्यावर रंग आला, तरी कॅलेंडरवर साठाच्या आसपासचेच आकडे. वरच्या पानावर शहाण्णव, खालच्या पानावर साठ. मधला ताप तेवढा दिसत नव्हता.

सासूबाई एकतीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात होत्या. समोरून पट्टा सरकतो, त्यावरून बाटल्या जातात, तडा गेलेली दिसली की उचलायची. पाहायचं आणि उचलायचं यात फुरसत नाही. एखादी निसटली तर मुकादम म्हणायचा, पट्टा सगळ्यांना सारखाच पळतो, बाई. तेव्हापासून त्यांना एक सवय लागली होती. काही हुकलं की आधी स्वतःच्या हाताकडे बघायचं. मशीनला दोष द्यायला त्या शिकल्याच नाहीत. आताही डाव संपला की त्या पडद्याकडे बघत नसत. दोन्ही पंजे मांडीवर उलटे करून ठेवत आणि त्यांच्याकडे बघत, एखादं पोर खोटं बोलतंय असा संशय आल्यासारखं.

मग त्यांनी एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केली. काचेचे पेले मागच्या फळीवर गेले, पुढे स्टीलचे आले. भाजी चिरायला मला हाक मारू लागल्या. एक दिवस त्यांच्याजवळची घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "तुझ्याकडेच असू दे." मी विचारलं, का? तर म्हणाल्या, उगीच. गॅस पेटवायला त्या माझी वाट बघू लागल्या. आपलं काहीतरी बिनसलंय असं त्यांना वाटलं म्हणून त्या सोडत होत्या, आणि त्या सोडत होत्या म्हणून आम्हाला तसं वाटत होतं.

मला दुकानात चैन पडेना. विसरण्याच्या आजारावरच्या गोळ्या कुठल्या खणात असतात ते मला झोपेतही सांगता येईल. त्या घ्यायला कोण येतं तेही. आधी माणूस स्वतः चिठ्ठी घेऊन येतो, सहा महिन्यांनी त्याची मुलगी येते, मग नुसता फोन येतो.

ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, नवऱ्याने कॅलेंडरच्या दोन पानांचे फोटो पाठवले. त्या रविवारी आल्या त्या फॉर्म घेऊनच. शहराबाहेर म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी एक संस्था आहे, स्वच्छ आहे, दिवसरात्र माणसं असतात, जागा मिळणं कठीण, पण त्यांची ओळख होती. दिवसभर आम्ही दोघं कामावर, घरात गॅस, जिना, बाल्कनी; आईला असं एकटं ठेवणं म्हणजे काय ते कळतं का आम्हाला, असं त्यांनी बरंच ऐकवलं. गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. त्यांनी हो म्हटलं की फॉर्म भरायचा. ताई वाईट नाहीत. घाबरल्या की यादी करतात, एवढंच.

सासूबाई शेजारी बसून मटार सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या फॉर्मवर माझी सही लागते, की चालतं तसंच?"

ताईंनी फॉर्मची घडी घालून पर्समध्ये ठेवला. नवरा उगीचच पंख्याकडे बघत राहिला.

बुधवारी मी दुपारीच घरी आले. सासूबाई आत पडल्या होत्या. डाव अर्धवट टाकलेला, टीव्ही चालू, टोपली पडद्याच्या मधोमध उभी. हे असं कधी झालं नव्हतं. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी फडकं घेऊन टेबल पुसायला लागले, आणि कोपर बटणावर पडलं.

टुक.

या खेळात टोपली सरकली की टुक वाजतं. तो आवाज टीव्हीतून येत नाही, कीबोर्डच्या पोटातूनच येतो. टुक वाजलं, आणि मग टोपली सरकली.

मी पुसायची थांबले. पुन्हा बटण दाबलं. टुक. मग टोपली. लांब कोणी लाकूड फोडत असलं तर कुऱ्हाड पडलेली आधी दिसते, आवाज मागाहून येतो. इथे उलटं होत होतं. आधी ऐकू येत होतं, नंतर दिसत होतं. फरक एवढासा होता की डोळे मिटून उघडले तर निसटावा. मी दहा वेळा दाबलं, वीस वेळा दाबलं. मग फडकं हातात घेऊनच सोल्डरकाकांकडे गेले. जिन्यातल्या शेजारणीने काय झालं विचारलं, तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

काकांनी ऐकून घेतलं, हातातलं काम खाली ठेवलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. ही गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती म्हणाले. जुना टीव्ही बावळट होता, आलं की दाखवायचा. नवा पडदा शिकलेला. हातात आलेलं चित्र आधी नीट करणार, पुसणार, मोठं करणार, मग दाखवणार. आणि मध्ये लावलेला तो डबा त्याच्याहून शिकलेला.

"पण उशीर केवढासा आहे, काका. एवढ्याने काय होतंय?"

"तुला काही होणार नाही. मलाही नाही. ज्याचा हात डोळ्याला चिकटून चालतो ना, त्याचंच होतं." मग त्यांनी विचारलं, "खेळतं कोण?"

मी सांगितलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये थोडा उशीर कमी करता येतो, पण डब्याचा उरतोच, असं पुटपुटत त्यांनी फळीवरून एक छोटा, ढेरपोट्या, जुना टीव्ही उतरवला. दुरुस्तीला आलेली मशीनं ते त्यावर तपासत. मागे पिवळ्या पिनेचं भोक आहे, माझी तार सरळ त्यात जाईल, मध्ये कोणी शहाणा नको. काम झालं की आणून दे म्हणाले.

तो टीव्ही पोटाशी धरून चालताना मला आनंद व्हायला हवा होता. निम्म्या वाटेवर उलटंच झालं. आजवर ताप होता, अशक्तपणा होता, आणि आता पडदाही होता. पण या टीव्हीवरही साठच आले तर? मग दोष ढकलायला काही उरत नव्हतं. क्षणभर वाटलं, परत जावं आणि काकांना सांगावं की राहू दे. गुरुवारी डॉक्टर काय सांगायचं ते सांगतील. निदान मी तरी सांगितलेलं नसेल.

घरी आले. सासूबाई उठल्या होत्या. त्यांना खरं सांगायची छाती झाली नाही. मोठ्या टीव्हीवर ह्यांना मॅच बघायची असते, म्हणून तुमचा वेगळा आणला, अशी थाप मारली. त्यांनी माझ्या खांद्यावरचं फडकं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं." थाप कळली होती.

तार लावली. कॅसेट किंचाळली. त्या बसल्या आणि मी स्वयंपाकघरात गेले. बघवत नव्हतं, पण ऐकू येत होतं. झेललेल्या फळाला आवाज नाही. हुकलेलं फळ भुस्स करून फुटतं. मी ओट्याला धरून उभी राहिले. टुक टुक टुक. बराच वेळ नुसतं टुक टुक. मग एक भुस्स. मी बोट दुमडलं. मग परत टुक टुक. डाव्या हाताची बोटं संपली, उजव्याची संपली, आणखी एक भुस्स झालं. मग शांतता.

बाहेर आले. पडद्यावर एकोणनव्वद.

मी खुर्चीच्या मागे उभी राहून सगळं एका दमात सांगून टाकलं. डबा, उशीर, शिकलेला पडदा, आणि जोडणारी मी. महिनाभर माझ्या हातांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. बोलताना रडू आलं. त्यांनी वळून बघितलं नाही.

"छान जोडला होतास," त्या म्हणाल्या. "फळांवरची रेघ दिसायची."

मग त्यांनी कीबोर्ड पुन्हा जवळ ओढला. रोज एकच डाव हा नियम त्यांचाच. तो त्या दिवशी मोडला. अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद. एकोणनव्वद. दर डावानंतर पंजे उलटे करून बघत होत्या, पण आता संशयाने नाही. वजन करावं तसं.

"आधी चार फुटायची," त्या म्हणाल्या. "आता अकरा."

मी घाईघाईने म्हटलं, महिनाभर हाताला चुकीची सवय लागलीये, ताप होऊन गेलाय, चार दिवसांत होईल पूर्वीसारखं.

"नाही गं. बाकीची त्या पडद्याची. ही सात माझी." मग उठल्या, माझ्यासमोर हात पसरला आणि किल्ली मागितली.

नवऱ्याने रात्री जेवताना फोन करून ताईंना सगळं सांगितलं. ताई म्हणाल्या, मग डॉक्टरांची वेळ रद्द करू या का? सासूबाईंनी फोन मागून घेतला आणि रद्द करायची नाही म्हणाल्या. वेळ घेतली आहे तर जाऊ.

गुरुवारी ताईही आल्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. चार आठवले, पाचव्यासाठी त्यांनी छताकडे पाहिलं आणि नाही आठवत म्हणाल्या. वयाच्या मानाने उत्तम, डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिन्यांनी परत दाखवा. तुम्हाला स्वतःला काही वेगळं जाणवतं का, असंही विचारलं. मी पडद्याचं सांगायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हात थोडा मागे पडलाय," त्या म्हणाल्या. "किती, ते मला माहीत आहे."

डॉक्टर हसले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ताईंनी पर्स उघडली, फॉर्मची घडी नीट केली आणि पर्स मिटली. फाडला नाही. त्यांना कामावर जायचं होतं, त्या पायऱ्यांवरूनच गेल्या. जाताना आईच्या पाठीवरून हात फिरवला, आणि नको तेवढा वेळ फिरवला.

आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. बसचा थांबा पलीकडे होता. दुपारची गर्दी, सिग्नल लांब, गाड्या एकामागून एक. मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी पिशवी त्या हातात घेतली. मान वळवून त्या गाड्या बघत होत्या. दोन गाड्यांमध्ये एक फट आली, चांगली मोठी. माझं पाऊल उचललंच गेलं होतं. अशा फटीतून सासूबाई मला मागे टाकून कित्येकदा पलीकडे गेलेल्या आहेत. या वेळी त्या हलल्या नाहीत. ती फट त्यांनी समोरून जाऊ दिली, शेवटपर्यंत नजरेने पोहोचवली.

मग पुढची आली, तिच्याहून जराशी रुंद.

"चल," त्या म्हणाल्या, आणि माझ्या आधी उतरल्या.