कंपनीचं बारसं

कंपनीचं बारसं करायचंय, असं माझ्या लेकीनं सांगितलं तेव्हा मला हसूच फुटलं. म्हटलं, "अडुके, त्या कंपनीला दात आले, दाढा आल्या, अख्खी खाडी गिळून झाली. आता कसलं गं बारसं?"

"हसू नकोस आई. ब्रॅक्सन ऑईल हे नाव आता गेलं. लीफोरा म्हणायचं. आपल्या रीतीनं नाव ठेवायचं आणि त्याचा व्हिडिओ सगळ्या नायजेरियाला दाखवायचा. मोठ्या साहेबांना कल्पना फार आवडली." मग हळूच म्हणाली, "माझीच आहे."

गाव आणि कंपनी यांच्यातली बोलणी करायची, ही तिची नोकरी. त्यावरच आमचं घर चालतं. खाडीत मासा उरला नाही, आणि मासे धरणारा माझा मुलगाही उरला नाही. दुरोजाइये. त्याच्या आधीची दोन पाळण्यातच गेली, म्हणून मी हे नाव ठेवलं; आमच्या बोलीत त्याचा अर्थ 'थांब, जगून घे'. कंपनीची तेलाची नळी फुटून खाडी पेटली तेव्हा तो होडीत होता. कंपनीनं पेपरात दिलं, तेल चोरताना एक अनोळखी इसम दगावला. मेल्यांनो, अनोळखी कुणाला? त्यानंतर कंपनीच्या एकाही माणसाच्या तोंडून त्याचं नाव निघालं नाही. तरी अडुकेनं नोकरी सोडली नाही. सोडून खायचं काय?

"गावातली सगळ्यात थोर बाई तू, बारसं तूच करायचंस. फक्त शेवटचा प्रश्न विचारू नकोस," ती म्हणाली.

नाव ठेवून झालं की बारसं करणाऱ्या बाईनं विचारायचं असतं, आणखी कुणाला नाव द्यायचंय का? ज्याला वाटेल तो पाण्याच्या भांड्यात नाणं टाकतो, आपल्या मनातलं नाव देतो, आणि बापाला ते मोठ्यानं म्हणावं लागतं. बापाला नाही म्हणता येत नाही. साहेबलोकांना हे कुठून ठाऊक असणार!

"कुणी भलतंच नाव दिलं तर माझी नोकरी गेली, आई."

"तुझी शपथ, नाही विचारणार," मी म्हटलं.

सकाळी कंपनीनं वाटलेल्या कापडात सगळं गाव हिरवंगार होऊन बसलं होतं. बाळ म्हणजे कंपनीचं नवं चिन्ह, हिरव्या पानाचा एक पत्रा, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून चटईवर निजवलेला. बापाच्या जागी परदेशातले मोठे साहेब, मिस्टर हॅलम. मी पत्र्याला पाणी लावलं, मध लावला, मीठ लावलं. "इया, मिठानं गंजेल हो बाळ!" सगळं गाव मला इया, म्हणजे आई म्हणतं; मागून कुणीतरी असं बोललं आणि बायका खुसखुसल्या. साहेबांनी माईकवर नाव म्हटलं, टाळ्या झाल्या.

शेवटचा प्रश्न न विचारताच मी मधाचं झाकण लावलं. गाव मात्र जागचं हललं नाही.

"इया, विचार की," म्हातारा आकिन्येले म्हणाला. त्याच्या मुठीत नाणं होतं. आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यांच्याच मुठी मिटलेल्या. कॅमेरा चालू होता. अडुके साहेबांच्या खुर्चीमागे उभी राहून मानेनंच नको नको करत होती.

"आणखी काही राहिलंय का?" साहेबांनी तिला विचारलं.

"नाही, सर."

"झालं बारसं," मी म्हटलं. "उठा, भात गार होतोय."

आकिन्येले उठला तो माझ्या अंगावरच आला. "भाताची पडलीय तुला? पोराचं नाव घ्यायलाही जीभ रेटत नाही? आई आहेस की कोण आहेस?"

मी चटईवर सांडलेलं मीठ गोळा करायला लागले. शपथ घेतली होती.

तेवढ्यात अडुके पुढे आली. भांड्याशी वाकली, पर्समधून नाणं काढून पाण्यात टाकलं आणि साहेबांकडे वळून म्हणाली, "सर, एक नाव राहिलंय. बापानं ते मोठ्यानं म्हणायचं असतं. दुरोजाइये."

"दुरो... जाये," साहेब हसतहसत म्हणाले.

"नाही सर, नीट म्हणा. दुरोजाइये."

"दुरोजाइये!"

कर्ण्यातून ती हाक खाडीपर्यंत गेली. एवढी वर्षं वाट पाहिलेल्या माझ्या तोंडून त्याच्या जागी नकळत ओ गेली. मग गाव उठलं आणि रीतीप्रमाणे एकसुरात ते नाव म्हणालं, आकिन्येलेचा आवाज सगळ्यात वर.

साहेब खूष झाले होते. "छान नाव आहे. कुणाचं?"

"माझ्या भावाचं, सर. तुमच्या नळीच्या आगीत जळाला तो."

साहेबांनी माईकवर हात दाबून धरला. लागोसहून आलेला एक कोटवाला कॅमेऱ्यापुढे धावला, ओरडला, "बंद करा, बंद करा!" अडुकेची नोकरी गेली, हे तिला कळलं आणि मलाही कळलं. ती माझ्याजवळ येऊन चटईवर बसली.

"आई, आता खायचं काय गं आपण?"

"बघू," मी म्हटलं आणि तिला पोटाशी धरलं. जीव टांगणीला लागला होता, खोटं कशाला बोलू? पण माझ्या लेकराला आज त्यांनी नावानं हाक मारली होती.